परदेशीं गेलेल्याचा आगाऊ कर



मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे, वकील नव्हे, हिशेबतपासनीसहि नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि आयुष्य गेलें तें मुलांना त्रैराशिक व व्याजाचीं उदाहरणें शिकविण्यांत. असा मनुष्य आगाऊ प्राप्तिकरावर बोलूं लागला म्हणजे ऐकणारानें थोडें सावध होऊनच ऐकावें हें बरें. कारण याच विषयांत माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि आजचें भाषण म्हणजे बरेंचसें त्या चुकीचें निवेदन आहे.

वरळीच्या बीडीडी चाळींत राहणारानें कराविषयीं बोलावें याचें कोणास नवल वाटेल. परंतु आमच्या चाळीच मुळीं करांतून उभ्या राहिल्या आहेत. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत बॉम्बे डेव्हलपमेंट खातें निघालें. कामगारांच्या घरांच्या योजनेंत जी तूट यावयाची ती भरून काढण्यासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांसडीवर एक रुपया कर बसविण्यांत आला, आणि त्यांतून वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें या चाळी झाल्या. मधला लांब बोळ, दोन्ही अंगांस १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि टोंकास सार्वजनिक संडास, असें हें बांधकाम. यांत राहणाऱ्या गिरणीकामगाराला प्राप्तिकर हा शब्द वर्तमानपत्रांतच भेटत असे. तो भरावा मालकानें. आज त्याच कामगाराचा मुलगा एका वर्षांत दोन देशांच्या सरकारांना हिशेब देतो, आणि त्याला कोणी सांगणारा नसला म्हणजे तो शेजारच्या म्हाताऱ्या मास्तराला विचारावयास येतो.

आगाऊ कर म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगतों. नोकरदाराचा कर त्याचा मालक पगारांतूनच कापून सरकारांत भरतो. जो स्वतःच्या धंद्यावर जगतो त्याचा कर असा परस्पर भरणारा कोणी नसतो. त्यानें वर्षाच्या प्राप्तीचा अंदाज आपणच बांधावयाचा आणि वर्ष चालूं असतांनाच चार हप्त्यांनीं कर भरावयाचा. १५ जूनपर्यंत अंदाजलेल्या कराचे १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ आणि १५ मार्चपर्यंत सर्व. गिऱ्हाइकांनीं टीडीएस म्हणून जो कर मुळांतच कापला असेल तो वजा जातां बाकी १०,००० रुपयांच्या आंत राहत असेल, तर आगाऊ कांहींच भरावें लागत नाहीं. आपल्या देशांत प्राप्तिकर आणला तो १८६० सालीं जेम्स विल्सन यांनीं; परंतु वर्ष संपण्यापूर्वींच कर घेण्याची ही रीत १९४४ सालची, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींतली. अमेरिकेनें तीच वाट १९४३ सालीं धरली होती. युद्धाला पैसा हवा होता आणि लोकांच्या हातीं पैसा खेळून महागाई वाढूं द्यावयाची नव्हती. युद्ध संपलें, रीत राहिली.

या साऱ्या व्यवस्थेंत मुख्य शब्द ‘अंदाज’ हा आहे, आणि नेमका तोच माझ्या ध्यानांत राहिला नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी आमच्याच चाळींत वाढला. त्याचे वडील गिरणींत होते. मुलगा स्थापत्य अभियंता झाला आणि नोकरी सोडून इमारतींच्या सांगाड्यांचे नकाशे व गणितें स्वतंत्रपणें करून देऊं लागला. हाताखालीं दोन मदतनीस, भाड्याची लहानशी कचेरी, हिशेब चोख. २०२५ च्या जून महिन्यांत तो माझ्याकडे आला. वर्षाचा नफा २० लाख होईल असा त्याचा अंदाज होता. २०२५-२६ च्या नव्या दरांनीं त्यावर कर २ लाख, त्यावर ४ टक्के उपकर ८,००० मिळून २,०८,००० रुपये. गिऱ्हाइकांकडून वर्षभरांत ४८,००० टीडीएस कापला जाईल असें तो म्हणाला. राहिले १,६०,०००. जूनचा हप्ता त्याचे १५ टक्के, म्हणजे २४,०००.

मीं त्यास म्हटलें, “बाबा रे, देणें तें देणें. पैसे हाताशीं आहेत तर सगळे भरून मोकळा हो. डिसेंबर, मार्चची धांवपळ कशाला?”

“गुरुजी, सीए म्हणतात हप्त्याहप्त्यानें भरा.”

“सीएला काय, त्याला दर तीन महिन्यांनीं तुझी गांठ हवी असते,” असें मी हंसत बोललों. त्या अनुपस्थित गृहस्थांची या ठिकाणीं मीं क्षमा मागतों. विद्यार्थ्यानें माझा शब्द मानला आणि जूनमध्येंच १,६०,००० रुपये भरून टाकले. कर्ज जितक्या लवकर फेडावें तितकें बरें, ही आमच्या पिढीची शिकवण. परंतु आगाऊ कर हें त्या वेळीं कर्ज नसतेंच. जें अजून मिळालेलें नाहीं त्याच्याविषयींचा तो एक तर्क असतो. हें मला ठाऊक असतें तर बरें झालें असतें.

जुलैमध्यें त्याच्या पत्नीस लंडनच्या एका रुग्णालयांत परिचारिकेची जागा मिळाली. दोघांनीं जाण्याचें ठरविलें. त्यानेंहि तेथील एका आस्थापनेशीं नकाशांच्या कामाचा करार केला. नोकरीचा नव्हे, स्वतंत्र धंद्याचा. २० ऑगस्टला दोघें निघालीं. गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती, आणि आठ दिवस थांबला असतास तर काय बिघडलें असतें, हें त्याच्या आईचें बोलणें अद्याप संपलेलें नाहीं. त्याच महिन्यांत वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. यांची पाळी त्यांत नव्हती.

लंडनला खोली घ्यावयाची तर अनामत, पहिलें भाडें, थंडीचे कपडे. हाताशीं असलेला पैसा जूनमध्यें सरकारजमा झालेला. वहिनींनीं, म्हणजे त्याच्या आईनें, आपल्या पाटल्या पतपेढींत ठेवून पैसे दिले. मला हें सप्टेंबरांत कळलें. वहिनी रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, “मास्तर, सरकारला एवढी घाई होती का?” सरकारला घाई नव्हती. घाई मला होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत त्याचा फोन आला. “गुरुजी, आतां दुसरा हप्ता कसा धरूं? आणि भरलेले कांहीं परत मागतां येतील का?” या वेळीं मीं त्यास सीएशीं बोलावयास लावलें, आणि स्वतः वही घेऊन ऐकत बसलों. तेथें जें शिकलों तें आतां सांगतों.

पहिली गोष्ट पैशांची नसून दिवसांची आहे. आपला कायदा वर्षाचे दोन तुकडे करीत नाहीं. ऑगस्टपर्यंत येथला आणि पुढें तेथला, असें म्हणतां येत नाहीं. १ एप्रिल ते ३१ मार्च या सबंध वर्षासाठीं मनुष्य एक तर निवासी, नाहीं तर अनिवासी. त्या वर्षांत १८२ दिवस भारतांत असला तर निवासी. माझ्या विद्यार्थ्याचे एप्रिलपासून २० ऑगस्टपर्यंत, निघण्याचा दिवस धरून, १४२ दिवस होतात. जो एप्रिलपासून सतत येथें आहे त्यानें २८ सप्टेंबरपर्यंत देश सोडला तर १८१ दिवस भरतात. एक दिवस इकडे तिकडे झाला कीं सारा हिशेब पालटतो. म्हणून पासपोर्टावरील शिक्के व विमानाचीं तिकिटें जपून ठेवावींत. आणखी एक लक्षांत ठेवावें: त्याच वर्षांत गणपतीला आला, दिवाळीला आला, आईच्या आजारपणांत महिनाभर राहिला, तर ते दिवसहि मोजले जातात. आईच्या आजारपणाचे दिवस धरूं नयेत असा नियम कोठें नाहीं.

येथें एक खांचखळगा आहे आणि तो मला सर्वांत कठीण वाटला. १८२ दिवस हीच एक कसोटी नव्हे. ज्याचे मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतांत गेले आहेत, तो चालूं वर्षांत केवळ ६० दिवस राहिला तरी निवासी ठरतो. आणि मुंबईंत जन्म काढलेल्या कोणाचे ३६५ दिवस भरलेले नसतील? यांतून सुटका आहे ती परदेशीं रोजगारासाठीं जाणाऱ्या भारतीय नागरिकास. त्यास ६० च्या जागीं १८२ दिवसांचा नियम लागतो. रोजगार म्हणजे नोकरीच नव्हे, स्वतःचा धंदा करण्यास गेला तरी चालतें, असा निर्णय केरळच्या उच्च न्यायालयानें दिलेला आहे. परंतु केवळ बायकोच्या सोबतीस गेला असें कागदोपत्रीं दिसलें, तर १४२ दिवस हे ६० पेक्षां कितीतरी अधिक. माझ्या विद्यार्थ्याजवळ लंडनच्या आस्थापनेशीं केलेला करार होता, आणि त्यावर तारीख होती ती निघण्यापूर्वींची. सीए महाशयांनीं पहिला प्रश्न विचारला तो याच कागदाविषयीं.

दिवस ठरले कीं प्राप्तीचा अंदाज पुन्हां बांधावयाचा. अनिवासी माणसास येथें कर लागतो तो भारतांत मिळालेल्या वा उत्पन्न झालेल्या प्राप्तीवर. लंडनमध्यें बसून लंडनच्या कामाचे तेथें मिळालेले पैसे येथल्या हिशेबांत येत नाहींत. निघण्यापूर्वीं मुंबईंत केलेल्या कामाचें बिल नंतर चुकतें झालें, तर तें मात्र येतें. असा सर्व हिशेब करतां त्याचा येथला नफा ८ लाख निघाला. पहिल्या ४ लाखांवर कर नाहीं, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,००० आणि उपकर ८०० मिळून २०,८००. आतां ८ लाखांवर कर कसला, असें कोणी म्हणेल. १२ लाखांपर्यंत सूट आहे ना? आहे, परंतु ती सूट निवासी माणसालाच आहे. विमानांत बसतांना मनुष्य आपल्याबरोबर ती नेऊं शकत नाहीं. हें फार थोड्यांना ठाऊक असतें, आणि आपणांस कांहीं भरावें लागणार नाहीं या समजुतींत ते हप्ता चुकवितात.

२०,८०० पैकीं १२,००० टीडीएस कापून झाला होता. राहिले ८,८००. म्हणजे १०,००० च्या आंत. म्हणजे त्याला त्या वर्षीं आगाऊ कर मुळींच लागूं नव्हता. आणि आम्ही भरला होता १,६०,०००.

मग परत कसे मिळावयाचे? वर्षाच्या मध्यें मिळत नाहींत. अंदाज चुकला म्हणून पुढचे हप्ते थांबवितां येतात, कमी करतां येतात. त्यासाठीं कोणाची परवानगी लागत नाहीं, अर्ज लागत नाहीं, पुढचें चलान नव्या अंदाजानें भरलें कीं झालें. परंतु एकदां भरलेली रक्कम वर्ष संपून विवरणपत्र दाखल होईपर्यंत व त्याची तपासणी होईपर्यंत सरकारपाशींच राहते. नंतर ती रिफंड म्हणून येते आणि १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याजहि मिळतें. त्याच्या बाबतींत ही रक्कम १,५१,२०० रुपये होती. जूनपासून मार्चपर्यंतच्या नऊ महिन्यांचें व्याज मात्र कोणी देत नाहीं, आणि पतपेढी तर आपलें व्याज घेतेच.

उलट कमी भरण्याचाहि दंड आहे, तो न सांगितला तर अर्धेंच सांगितल्यासारखें होईल. हप्ता कमी पडला तर तुटीवर दरमहा १ टक्का व्याज. पहिल्या तीन हप्त्यांस प्रत्येकीं तीन महिन्यांचें, शेवटच्यास एका महिन्याचें. जूनमध्यें १५ ऐवजीं १२ टक्के आणि सप्टेंबरांत ४५ ऐवजीं ३६ टक्के भरले असले तरी तें क्षम्य धरतात. वर्षअखेर एकूण ९० टक्क्यांहून कमी भरलें असेल तर एप्रिलपासून निराळें व्याज सुरू होतें.

या व्याजाचा फटका बसतो तो विशेषतः दुसऱ्या एका वर्गास. वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद अशांना जमेचा निम्मा भाग नफा धरून कर भरण्याची सवलत आहे. त्यांना चार हप्ते नाहींत, १५ मार्चला एकदांच भरलें कीं पुरे. पुष्कळ स्वतंत्र धंदेवाले याच सोयीवर चालतात. परंतु हीहि सवलत निवासी माणसालाच. ऑगस्टमध्यें गेलेला मनुष्य मार्चला भरूं म्हणून स्वस्थ बसतो. तो अनिवासी ठरला कीं त्याला खर्चाच्या पावत्यांवरून खरा नफा काढावा लागतो आणि चारी हप्ते लागूं होतात, अगदीं जूनचा हप्तासुद्धां, जो गेला तेव्हां त्याला जाण्याची कल्पनाहि नव्हती. एक लाख कर असून तो सर्व १५ मार्चलाच भरला, तर जूनच्या १५,००० वर ४५०, सप्टेंबरच्या ४५,००० वर १,३५० आणि डिसेंबरच्या ७५,००० वर २,२५०, मिळून ४,०५० रुपये व्याज. रक्कम मोठी नव्हे. परंतु पावत्या फेंकून दिल्या असतील तर खर्च सिद्ध होत नाहीं आणि कराची रक्कमच वाढते. कचेरी आवरतांना रद्दीवाल्यास बोलावण्यापूर्वीं हें आठवावें. सुगम नांवाचा सोपा विवरणपत्राचा फॉर्महि अनिवाशांस चालत नाहीं.

जो डिसेंबरांत जातो त्याची गोष्ट अगदीं निराळी. त्याचे १८२ दिवस केव्हांच भरलेले असतात. तो त्या वर्षीं निवासीच. मग जानेवारी ते मार्च लंडनमध्यें मिळविलेलें उत्पन्नहि येथल्या अंदाजांत धरून १५ मार्चचा हप्ता वाढवावा लागतो. तेथें भरलेल्या कराची वजावट मिळते, परंतु ती मागावी लागते, विहित फॉर्म भरून, पुराव्यासह. न मागतां मिळणारें या खात्यांत कांहीं नाहीं.

आपण अनिवासी झाल्याचें गिऱ्हाइकांस व बँकेस कळवावें लागतें. त्यानंतर येथून मिळणाऱ्या फीवर गिऱ्हाइकानें वेगळ्या कलमाखालीं कर कापावयाचा असतो. बचत खातें एनआरओ खात्यांत बदलून घ्यावें, बंद करूं नये. रिफंड येण्यास येथलें चालूं खातें सोयीचें पडतें. बरेच जण आवराआवरीच्या उत्साहांत खातेंच बंद करून जातात.

विलायतेंत काय आहे तेंहि थोडें सांगतों. तेथलें करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतें. ही विचित्र तारीख आली ती १७५२ सालीं त्यांनीं पंचांग सुधारून अकरा दिवस गाळले त्यांतून. शाळेंत असतों तर यावर एक तास घेतला असता. तेथें, अटी पुऱ्या होत असतील तर, येण्याच्या वर्षाचे दोन भाग करतां येतात, जें आपल्याकडे होत नाहीं. स्वतंत्र धंदेवाल्यानें करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत नांव नोंदवावें आणि पुढच्या ३१ जानेवारीस कर भरावा. परंतु त्याच दिवशीं पुढच्या वर्षासाठीं म्हणून या वर्षाच्या कराचा अर्धा भाग आगाऊ मागतात, आणि उरलेला अर्धा ३१ जुलैस. समजा, ४,००० पौंड कर आला, तर जानेवारींत ६,००० द्यावे लागतात. नवा मनुष्य ४,००० बाजूस ठेवतो आणि तेथें दचकतो. पुढच्या वर्षीं प्राप्ती घटणार असेल तर हे आगाऊ हप्ते कमी करून मागतां येतात. मात्र उगाच कमी केले तर व्याज बसतें. नांवें व तारखा निराळ्या, पण तेथेंहि अंदाजच.

मीं सांगितलेलें उदाहरण १९६१ च्या कायद्याखालील शेवटच्या वर्षाचें आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा अंमलांत आला. त्यांत कलमांचे क्रमांक बदलले, हप्त्यांच्या चार तारखा त्याच राहिल्या. दर व सूट अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हां माझे आंकडे कोणीं तसेच उचलूं नयेत. आंकड्यांबाबत माझा लौकिक आतां आपणांस ठाऊक झालाच आहे.

विद्यार्थ्यानें सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या तिन्ही तारखांना मला फोन केला. तिन्ही वेळां आम्हीं हिशेब नव्यानें मांडला आणि तिन्ही वेळां उत्तर शून्य आलें. मार्चमध्यें मीं म्हटलें, आतां उत्तर ठाऊक असतांना फोन कशाला केलास? तो म्हणाला, “गुरुजी, ठाऊक आहे असें जूनमध्येंहि वाटलें होतें.”

पाटल्या त्यानें डिसेंबरांत लंडनहून पैसे पाठवून सोडविल्या. पतपेढीचें व्याज मी देऊं केलें होतें. वहिनींनीं तें घेतलें नाहीं. संक्रांतीला त्यांनीं पाटल्या घालून मला तिळगूळ दिला, आणि हात जरा अधिकच पुढें केला.